मेंदूतल्या 'दाबणाऱ्या' पेशींमुळे डोळा आळशी राहत असेल, तर त्यांना गप्प करणारं औषध का देत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा आठ वर्षांचा. नाशिकच्या सिडकोतल्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं, त्यात उजव्या डोळ्याचा नंबर डाव्यापेक्षा खूपच जास्त निघाला. चष्मा केला, पण तो लावूनही उजव्या डोळ्याने तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत. डॉक्टरांनी 'आळशी डोळा' सांगून डाव्या, चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला दिली आहे आणि पट्टी लावली की मुलगा रडतो. मग तुम्ही कुठेतरी वाचलंत की डोळा ठीकच असतो, मेंदूतल्या काही पेशी त्याचं चित्र दाबून टाकतात. म्हणून विचारताय, अशा पेशी मुळात असतातच कशाला, आणि त्यांना गप्प करणारं औषध नाही का?

ताई, मी डोळ्यांची डॉक्टर नाही. पीएचडीची सगळी वर्षं मी उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या पेशींच्या विद्युत नोंदी घेण्यात घालवली आणि आता नाशिकमध्येच बीएस्सीच्या मुलांना शिकवते. त्यामुळे पट्टी किती तास, किती महिने, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पेशींबद्दल मात्र मी बोलू शकते, आणि ज्या पेशींबद्दल तुम्ही विचारलंय त्यांच्यावर माझा फार जीव आहे.

तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे. तुम्ही सुचवताय तसलं औषध मांजरांवर १९७६ मध्येच वापरून पाहिलं गेलं आणि काही अंशी त्याचा परिणामही दिसला. तरीही ते मुलांना देत नाहीत. एक कारण म्हणजे ते धोकादायक आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या पेशी नीट काम करत असतील तरच मेंदू डोळ्यांकडून शिकतो. ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमध्ये एक थांबा घेऊन डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला पोहोचतो. तिथे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा थर आहे, तो प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स. यातले साधारण ८० टक्के न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, उत्तेजक असतात आणि २० टक्के रोधक. तुम्ही वाचलेल्या 'दाबणाऱ्या' पेशी म्हणजे हे रोधक न्यूरॉन.

उत्तेजक न्यूरॉन सिनॅप्सवर, म्हणजे दोन पेशींच्या जोडावर, ग्लुटामेट नावाचा रेणू सोडतो. दोन पेशींमधली फट साधारण २० नॅनोमीटरची असते. ती ओलांडून ग्लुटामेट पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनावर, बसलं की सोडियम आत शिरतं आणि त्या पेशीचा व्होल्टेज किंचित वर सरकतो. निवांत पेशी उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते आणि तिने स्वतः पुढे संदेश पाठवायचा तर तिला उणे ५५ ते उणे ५० पर्यंत चढावं लागतं. एका सिनॅप्सने बहुतेक वेळा एक मिलिव्होल्टचाही फरक पडत नाही. म्हणून अनेक सिनॅप्सचे संदेश काही मिलिसेकंदांच्या आत एकत्र यावे लागतात, तेव्हाच पेशी पेटते.

रोधक न्यूरॉन गाबा नावाचा रेणू सोडतो. गाबामुळे क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात आणि व्होल्टेज उणे ७०च्या आसपास खिळून राहतो. गंमत अशी की पुष्कळदा व्होल्टेज खाली जातही नाही, पेशी फक्त गळकी होते. ठिबकच्या नळीला मधेच भोक पडलं की मोटर चालू असूनही टोकाच्या वेलापर्यंत दाब पोहोचत नाही, तसा ग्लुटामेटने चढवलेला व्होल्टेज वाटेतच विरून जातो. भोक कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि रोधक न्यूरॉनांचे वेगवेगळे प्रकार नेमके वेगवेगळ्या जागा धरून बसलेले असतात. पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेले न्यूरॉन उत्तेजक पेशीच्या मुख्य अंगाभोवती सिनॅप्स करतात, म्हणजे पेशीने पेटायचं की नाही हे जिथे ठरतं त्याच्या अगदी जवळ. सोमॅटोस्टॅटिनवाले दूरच्या फांद्यांवर बसतात आणि तिथे येणारा मजकूर गाळतात. तिसरा प्रकार व्हीआयपी नावाच्या पेप्टाइडवरून ओळखला जातो. हे न्यूरॉन मुख्यतः सोमॅटोस्टॅटिनवाल्यांनाच रोखतात, म्हणजे रोखणाऱ्याला रोखून उत्तेजक पेशीला मोकळं करतात. उंदीर नुसता उभा असताना आणि पळत असताना त्याच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा प्रतिसाद वेगळा असतो. पळताना तो वाढतो, आणि त्यामागे या व्हीआयपी पेशींचा हात आहे हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

हे सगळं अंदाधुंद जोडलेलं नसतं. उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा सुमारे एक घन मिलिमीटर तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्र्या-पापुद्र्याने पाहून त्याचा नकाशा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या त्या तुकड्यात दोन लाखांवर पेशी आणि ५२ कोटींहून अधिक सिनॅप्स निघाले. रोधक न्यूरॉन शेजारी जो सापडेल त्याला धरत नाहीत, ठरावीक प्रकारच्या पेशी निवडतात, हे त्या नकाशात स्पष्ट दिसतं. आम्ही विद्यार्थी असताना पाठ्यपुस्तकात रोधक न्यूरॉन सरसकट सगळ्यांना थोडं थोडं दाबतात अशी आकृती असायची. ती आता बाजूला ठेवायला हवी.

आता 'असतातच कशाला' याकडे येते. दिंडोरीकडे जाताना रस्त्यालगतच्या द्राक्षबागा पाहा. शेकडो ओळी एकाच दिशेला गेलेल्या असतात. तुमच्या दृष्टी-कॉर्टेक्समधली एकेक उत्तेजक पेशी दृश्याचा छोटासा तुकडा पाहते आणि त्यात ठरावीक कोनातली रेघ असेल तरच जोरात पेटते. बागेसमोर त्या कोनाच्या हजारो पेशींना एकदम काम मिळतं. त्या सगळ्या पूर्ण जोराने पेटत राहिल्या तर डोळ्यांत नुसत्या रेघा भरतील. प्रत्यक्षात शेजारपाजारच्या पेशी तेच सांगत असतील तर सोमॅटोस्टॅटिनवाले न्यूरॉन त्यांचा आवाज कमी करतात, आणि ओळींना आडवा चालत जाणारा माणूस क्षणात नजरेत भरतो. कोन ओळखण्याच्या नेमकेपणातही रोधाचा वाटा आहे. १९७५ मध्ये अॅडम सिलिटो यांनी मांजराच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये गाबाचा परिणाम थांबवणारं बायक्युक्युलिन हे द्रव्य सोडलं, तेव्हा एकाच कोनाला दाद देणाऱ्या पेशी इतर कोनांनाही दाद देऊ लागल्या.

दुसरं उदाहरण काळाराम मंदिराचं. भर दुपारच्या उन्हात तिथल्या काळ्या दगडावरून डोळ्यात येणारा प्रकाश घरातल्या ट्यूबलाइटखालच्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त असतो. तरी दगड काळा दिसतो, कागद पांढरा दिसतो आणि दगडावरची कोरीव रेघही सुटत नाही. यातलं पहिलं मोठं काम डोळ्यातला पडदाच करतो, पण त्यापुढे आजूबाजूच्या तुलनेत प्रतिसाद मापात ठेवायचं काम कॉर्टेक्समध्ये चालतं, आणि त्यात रोधक न्यूरॉन लागतात.

रोध काढून घेतला तर काय होतं ते मी स्वतः ऐकलं आहे. 'ऐकलं' म्हणजे शब्दशः, कारण प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडचा संकेत स्पीकरला जोडलेला असतो आणि पेशी पेटली की 'टक्' वाजतं. मेंदूचा पातळ काप प्राणवायू सोडलेल्या क्षारद्रवात जिवंत ठेवलेला असे. एरवी त्याला विजेचा हलका टिचका दिला की जवळच्या काही पेशी एकदोनदा वाजायच्या, लगेच पार्व्हाल्ब्युमिनवाल्यांची जलद तडतड यायची आणि शांतता. मग द्रवात पिक्रोटॉक्सिन मिसळायचो, ते गाबाच्या वाहिन्या बंद करतं. काही मिनिटांनी तोच टिचका दिला की कापातल्या पेशी एकदम, एकसाथ, लांबलचक पेटायच्या. अपस्माराच्या झटक्यात मेंदूच्या एखाद्या भागात जे घडतं त्याचं ते छोटं रूप. इतका गोंगाट, आणि त्यात काहीही माहिती नाही, कारण सगळ्या पेशी एकच गोष्ट बोलत होत्या.

गाबा कमी पडल्याचा परिणाम माणसांतही दिसला आहे. गाबा बनतं ग्लुटामेटपासूनच, एका एन्झाइमच्या एका पायरीत, आणि त्या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्व लागतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका डबाबंद बाळदुधात तयार करतानाच्या उष्णतेमुळे हे जीवनसत्त्व नष्ट झालं होतं. ते पिणाऱ्या बाळांना झटके येऊ लागले आणि ब-६ दिल्यावर थांबले.

आता तुमच्या मुलाचा डोळा. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली आणि नंतर उघडली. डोळ्यातला पडदा काम करत होता, पण दृष्टी-कॉर्टेक्समधल्या जवळजवळ सगळ्या पेशी फक्त दुसऱ्या डोळ्याला दाद देत होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असा परिणाम झाला नाही. या दोघांना पुढे १९८१चं नोबेल मिळालं. तुमच्या मुलाची पापणी कोणी शिवली नव्हती, पण लहानपणापासून उजव्या डोळ्याचं चित्र धूसर येत राहिलं आणि डाव्याचं स्पष्ट. एकाच पेशीपाशी दोन्ही डोळ्यांचे संदेश येतात तेव्हा जो स्पष्ट आणि वेळेवर येतो त्याचे सिनॅप्स बळकट होतात, दुसऱ्याचे क्षीण होत जातात. त्याशिवाय उरलासुरला क्षीण संदेश रोधामुळे झाकला जातो. तुम्ही वाचलेला भाग हा शेवटचा.

तो खरा आहे का, हे पाहण्यासाठीच १९७६मध्ये डफी आणि सहकाऱ्यांनी एक डोळा बंद ठेवून वाढवलेल्या मांजरांना बायक्युक्युलिन दिलं. त्या डोळ्याला अजिबात दाद न देणाऱ्या काही पेशी दाद देऊ लागल्या! म्हणजे त्या डोळ्याचे धागे तुटलेले नव्हते, निदान काही धागे झाकलेले होते. पण औषधाचा अंमल असेपर्यंतच हे टिकतं, आणि बायक्युक्युलिन अपस्माराचे झटके आणतं. मुलांना ते देण्याचा प्रश्नच येत नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर रोधक न्यूरॉन शत्रूच ठरले असते. १९९८मध्ये चित्र पालटलं. ताकाओ हेन्श आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात गाबा बनवणाऱ्या एन्झाइमांपैकी एक नव्हतं, त्यामुळे त्यांच्या सिनॅप्सवर गाबा कमी सुटायचं. तुमच्या तर्काने पाहिलं तर या उंदरांचा मेंदू जास्त लवचीक असायला हवा. त्यांचा एक डोळा बंद केला, आणि काहीच बदललं नाही. साध्या पिल्लात चार आठवड्यांच्या वयात चार दिवसांत होणारी उलथापालथ त्यांच्यात झालीच नाही. मग त्यांच्या कॉर्टेक्समध्ये डायझेपाम सोडलं, जे गाबाचा परिणाम वाढवतं, आणि शिकण्याची क्षमता परत आली. पुढे २००० मध्ये असंही दिसलं की साध्या पिल्लांना डायझेपाम वेळेआधी दिलं तर शिकण्याचा काळही वेळेआधी सुरू होतो. मी हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर त्याचाच विचार करत होते. ज्या पेशी दाबतात त्याच पेशी परिपक्व झाल्याशिवाय अनुभवातून शिकण्याचं दारच उघडत नाही.

कारण पुन्हा तेच आहे. सगळ्या पेशी सैलसर, कधीही पेटत असतील तर कोणता संदेश वेळेवर आला आणि कोणता उशिरा, हा फरकच उरत नाही. पार्व्हाल्ब्युमिनवाले न्यूरॉन उत्तेजनाच्या मागोमाग काही मिलिसेकंदांत येऊन वेळेची खिडकी अरुंद करतात, म्हणून सिनॅप्सना निवड करता येते.

तुमच्या तर्कात मात्र एक गोष्ट बरोबर आहे, आणि ती मला सांगायलाच हवी. पिल्लाचा एक डोळा झाकल्यावर पहिल्याच दिवशी पार्व्हाल्ब्युमिनवाल्यांचं पेटणं कमी होतं, रोध थोडा वेळ सैल पडतो आणि त्या फटीत सिनॅप्स बदलू लागतात, असं २०१३ मध्ये उंदरांत दिसलं. मोठ्यांतही याची चाहूल लागते. प्रौढ माणसांच्या एका डोळ्यावर अडीच तास पट्टी ठेवून त्यांच्या दृष्टी-कॉर्टेक्समधलं गाबा एमआरआय यंत्राने मोजलं, तर ते कमी झालेलं आढळलं. हा अभ्यास २०१५चा. म्हणजे मेंदू स्वतःच, थोड्या वेळापुरता आणि ठरावीक जागी, रोध ढिला करतो. गोळी घेऊन सगळ्या मेंदूत एकदम तसं करता येत नाही. वय वाढतं तसं या पेशींभोवती प्रथिनं आणि शर्करांची एक जाळी घट्ट होत जाते आणि सैल पडणं अवघड होतं. २००२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी प्रौढ उंदरांमध्ये ती जाळी एन्झाइमने विरघळवून हा काळ पुन्हा उघडून दाखवला, पण त्यासाठी ते मेंदूत टोचावं लागतं.

म्हणून तुमच्या हातात असलेली गोष्ट आहे पट्टी, आणि मला ती खरंच सुंदर उपाय वाटते. डावा डोळा झाकल्यावर उजव्याचा संदेश पहिल्यांदा स्पर्धेशिवाय कॉर्टेक्सपर्यंत पोहोचतो, रोध आपोआप त्या हिशेबाने जुळवून घेतो आणि क्षीण सिनॅप्सना काम मिळतं. मात्र चष्मा पूर्ण वेळ हवाच; धूसर संदेशाने सिनॅप्स बळकट होत नाहीत. आठ वर्षं म्हणजे उशीर झाला असं मनात आणू नका. २००५ मध्ये अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांवर झालेल्या चाचणीत, ७ ते १२ वयोगटात चष्म्यासोबत पट्टी आणि चांगल्या डोळ्याचं दिसणं धूसर करणाऱ्या थेंबांचा उपचार केलेल्यांपैकी ५३ टक्के मुलांना तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळींची सुधारणा झाली. नुसता चष्मा लावणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. दोन तासही कमी वाटून घेऊ नका. सात वर्षांखालच्या, मध्यम तीव्रतेच्या मुलांमध्ये दोन आणि सहा तासांच्या पट्टीचा चार महिन्यांनंतरचा परिणाम सारखाच निघाला होता.

इंटरनेटवर गाबाच्या गोळ्या, 'मेंदू खुला करणारी' सप्लिमेंट वगैरे दिसतील. कृपा करून मुलाला त्यातलं काहीही देऊ नका. डायझेपामचा उंदरांवरचा प्रयोग वाचून घरात तसली गोळी शोधणारे पालकही मला भेटले आहेत. त्यातला मुख्य प्रयोग उंदरांच्या एका वेगळ्या, जनुकीय दोष असलेल्या वाणावर होता आणि औषध थेट कॉर्टेक्समध्ये सोडलं होतं. व्यायामाचंही सांगतात, कारण पळणाऱ्या प्रौढ उंदरांचा आळशी डोळा लवकर सुधारला होता. माणसांवरच्या प्रयोगांत मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत. मूल पळलं तर चांगलंच, पण पट्टीच्या बदल्यात नको.

रडण्याबद्दल. तुमचा मुलगा हट्ट करत नाहीये. ते दोन तास त्याला खरोखर अंधुक दिसतं आणि ते वैतागवाणं असतं. पट्टीच्या वेळेत जवळचं बारीक कामच करायला हवं असा समज आहे, पण ३ ते ६ वर्षांच्या मुलांवरच्या २००८च्या चाचणीत जवळचं काम आणि लांब पाहणं यांत फरक आढळला नाही. म्हणून पट्टीच्या वेळी अभ्यास लादू नका. कॅरम, चित्र रंगवणं, टीव्हीवरची मॅच, त्याला जे आवडतं आणि ज्यात डोळा खरोखर पाहतो, ते करू द्या. शाळेत पट्टी लावून जाण्याची लाज वाटत असेल तर संध्याकाळी घरी लावा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांची दृष्टी मोजायला सांगा, नुसत्या उजव्याची नाही. ज्या कारणाने पट्टी काम करते त्याच कारणाने झाकलेल्या डाव्या डोळ्याची दृष्टीही क्वचित काही काळ उतरते, आणि ते वेळेत कळलं तर पट्टीचे तास कमी करून भरून काढता येतं.